वजीर कागदीची आठ दिवसांची रजा

वजीर कागदीचा आजा कागद बनवायचा, बाप रेडिओ दुरुस्त करायचा, आणि वजीर स्वतः नेमकं काय करतो हे जुन्नरात कुणालाच नीट सांगता आलं नसतं. "इंटरनेटवाला," एवढंच लोक म्हणत. घरातलं नेट बंद पडलं की त्याला फोन करत, चालू झालं की विसरून जात.

खरं तर तो खांबावर चढणाऱ्यांपैकी नव्हता. बियाणं-खतांच्या दुकानाच्या वर एक लहानशी खोली होती. तिथं एक एसी, दोन कॉम्प्युटर, एक मोठा सर्व्हर आणि एक खुर्ची. त्या खुर्चीत वजीर नऊ वर्षं बसून होता. लेण्याद्रीच्या पायथ्याच्या गावांपासून पार आंबेगावात डिंभे धरणाच्या वरच्या वाड्यांपर्यंत सव्वीसशे घरं त्या खोलीशी जोडलेली होती. सकाळी लोक उठले की पडद्यावरचा आकडा चढायला लागायचा. वजीर चहा पीत तो बघत बसायचा. कुठलं गाव लवकर उठतं, कुठलं उशिरा, हे त्याला माहीत होतं. त्यातल्या बहुतेक गावांना तो कधी गेला नव्हता.

धंदा भगवंत गाडग्यांचा. गाडगे मूळचे निमगाव सावाचे, घरची बागायती शेती. शेती भावाकडे देऊन त्यांनी जुन्नरात केबल टीव्ही सुरू केला, तेव्हापासून वजीर त्यांच्याकडे. २०१४ साली केबलचे दिवस सरत आले तेव्हा भगवंतरावांनी इंटरनेटमध्ये उडी घेतली. तेव्हा पहिला प्रश्न उभा राहिला सॉफ्टवेअरचा. गिऱ्हाइकानं पासवर्ड टाकला की त्याला आत घ्यायचं, कुठली लाइन चालू, कुठली बंद ते दाखवायचं, तक्रारी नोंदवायच्या, ही सगळी कामं करणारं सॉफ्टवेअर कंपन्या विकत. पण त्यांचं भाडं घरामागं होतं आणि घरं होती अवघी चाळीस.

वजीरनं दुसरा मार्ग काढला. "भाऊ, एक फुकटातलं हाय," तो म्हणाला.

"फुकट कोण कशाला दील?" भगवंतरावांनी विचारलं.

"जगभरची माणसं मिळून बनवत्यात. समदं उघडं असतंय. बापाकडं रेडिओ यायचा ना, त्याचं झाकण काढल्यावर आतलं जसं दिसायचं, तसं. काय बिघडलं ते आपल्याला दिसतं आन् पायजे तसं बदलता येतं."

"तुला येतंय का पण?"

"न्हाई. शिकतो."

वजीर बारावी आणि वर आयटीआय. इंग्रजी तोडकंमोडकं. मांडीवर शब्दकोश घेऊन तो एकेक पान वाचायचा. एका पानाला कधीकधी अख्खा दिवस जायचा. अडलं की परक्या मुलखातल्या अनोळखी माणसांना लिहून विचारायचा आणि उत्तराची वाट बघायचा. वर्ष गेलं, पण सॉफ्टवेअर उभं राहिलं. पुढं घरं वाढत गेली तसं त्यानं ते वाढवलं, ठिगळं लावली, नवे नियम लिहिले. भगवंतरावांनी नंतर कधी आत डोकावूनही पाहिलं नाही. चालतंय ना, मग झालं.

मधल्या काळात वजीरची बायको शमीम गेली. साध्या तापाचं निमित्त झालं आणि आठवड्यात सगळं आटोपलं. मुलगी इफरा लग्न होऊन संगमनेरला गेली. घरात वजीर एकटा. दुपारचा डबा खानावळीतून यायचा, त्यातलंच तो संध्याकाळी खायचा. घरी परतायची घाई नव्हती म्हणून सर्व्हरच्या खोलीत जास्त वेळ जायला लागला, आणि जास्त वेळ तिथं गेल्यामुळं घरी जाण्यासारखं आणखीच काही उरलं नाही.

त्याला शमीमची आठवण यायची ती बहुतेक कामाच्या वेळीच. एकदा आंबेगावकडची चाळीस घरं रोज दुपारी चारच्या सुमारास बंद पडायला लागली. तासाभरानं आपोआप चालू. वायरी तपासल्या, यंत्रं बदलली, काही उपयोग नाही. दहा दिवस वजीर त्यामागं लागला होता. अकराव्या दिवशी त्याच्या ध्यानात आलं की दुपारी चारला गावातली दूध डेअरी उघडते. डेअरीवाल्यानं नवा कॉम्प्युटर घेतला होता आणि त्याला चुकून तोच नंबर पडला होता जो त्या चाळीस घरांच्या मुख्य यंत्राचा होता. डेअरी उघडली की दोघांची गाठ पडायची आणि सगळी लाइन बसायची. वजीरनं डेअरीचा नंबर बदलला. चार वाजले, सव्वाचार झाले. चाळीसच्या चाळीस घरं चालू.

तो खुर्चीतून उठला आणि खोलीतल्या खोलीत दोन फेऱ्या मारल्या. कुणाला तरी सांगावं असं त्याला फार वाटलं. खाली जाऊन त्यानं चहावाल्याला सांगायला सुरुवात केली. चहावाला दूध ओतता ओतता म्हणाला, "बरं झालं की." भगवंतरावांना फोन केला. ते म्हणाले, "झालं ना चालू? मग बास." मग इफराला लावला. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अच्छा अब्बू. खाना खाया आपने?"

"खाया," वजीर म्हणाला. शमीमलाही यातलं काही कळलं नसतं. पण तिनं विचारलं असतं, मग डेअरीवाला काय म्हणाला?

गेल्या वर्षी भगवंतरावांची बायपास झाली आणि पुण्यात नोकरी करणारी त्यांची मुलगी श्रेया परत आली. अठ्ठावीस वर्षांची, बोलायला स्पष्ट, वागायला साधी. पहिला महिनाभर तिनं काहीच बदललं नाही, फक्त विचारत राहिली. एक दिवस ती वर सर्व्हरच्या खोलीत आली, स्टूल ओढून बसली.

"वजीरकाका, हे सगळं तुम्ही केलंय?"

"व्हय."

"तुमच्याशिवाय कुणाला येतं?"

वजीरनं विचार केला. गेणभाऊ मुळे म्हणून एक जण होता. खांबावरची, डोंगरावरची कामं तो बघायचा. पण खोलीत आला तर एसीच्या गारव्यापुरता. "कुणालाच न्हाई," वजीर म्हणाला. हे बोलताना त्याला थोडा अभिमानही वाटला.

"मग तुम्ही आठ दिवस गावाला गेलात तर?"

"मी कुठं जातो?"

श्रेया हसली नाही. तिनं खोलीभर नजर फिरवली आणि हळूच म्हणाली, "मला त्याचीच भीती वाटते."

पुढच्या आठवड्यात आळेफाट्याच्या एका हॉटेलात कंपनीचा माणूस आला. लॅपटॉप उघडून त्यानं विकतचं सॉफ्टवेअर दाखवलं. दिसायला देखणं होतं. सगळं कंपनीच्या मोठ्या सर्व्हरवर चालणार, इथं काही ठेवायची गरज नाही, अडचण आली तर मदतीला दिवसरात्र माणसं. वजीरनं शेवटपर्यंत सगळं पाहून घेतलं. मग त्यानं एकच विचारलं, "आत कसं चालतं ते बघता येईल का?"

"सर, त्याची गरजच पडणार नाही," तो माणूस म्हणाला.

परतताना गाडीत वजीर म्हणाला, "श्रेयाताई, उद्या त्यांनी भाडं वाढवलं, कंपनी बंद केली, तर आपल्या हातात काय ऱ्हातं? आपलं हाय ते आपलं हाय. कुणाच्या बापाला बंद करता यायचं न्हाई."

"पटतंय मला," श्रेया म्हणाली. "माझं तुमच्या सॉफ्टवेअरशी भांडण नाही काका. ते कदाचित यांच्यापेक्षा चांगलंच असेल. पण ते तुमच्या डोक्यात आहे. मला ते कागदावर पाहिजे. तुम्ही लिहा. मग तुम्ही आठ दिवस रजेवर जा आणि गेणभाऊ तुमच्या वहीवरून चालवू दे. चाललं तर आपण विकतचं घ्यायचं नाही. शब्द देते."

वजीरला सौदा पटला. त्यानं दोनशे पानी वही आणली आणि लिहायला बसला. वाटलं होतं, चार दिवसांत होईल. तीन आठवडे गेले. एकेक गोष्ट लिहायला घेतली की तिच्यामागं दुसरी निघायची. हा नियम असा का? कारण २०१७ साली अमुक डोंगरावर वीज पडली होती. ती ओळ तशी का? कारण शमीमला दवाखान्यात नेलं त्या दिवशी घाईत तशीच राहिली होती आणि पुन्हा हात लावायची हिंमत झाली नाही. यातलं वहीत काय लिहायचं? त्यानं कारणं गाळली आणि फक्त पायऱ्या लिहिल्या. हे दाबा, ते बंद करा, मग हे चालू करा. नऊ वर्षं एकशे चाळीस पानांत बसली.

गेणभाऊनं वही उलटसुलट करून पाहिली. "अक्षर बाकी झ्याक हाय तुमचं," तो म्हणाला.

रजेवर वजीर संगमनेरला इफराकडं गेला. त्याचा लॅपटॉप श्रेयानं ठेवून घेतला होता. "काही झालं तरी तुम्हाला फोन करायचा नाही, असं मी सगळ्यांना सांगितलंय, गिऱ्हाइकांनाही," ती म्हणाली होती. "नाहीतर परीक्षा कसली?"

इफराचं घर दोन खोल्यांचं. सासू, नवरा, तान्हं बाळ. सगळे वजीरशी अदबीनं वागत होते. त्याला पलंग दिला होता, पंख्याखालची जागा दिली होती. तो बाळाला मांडीवर घेऊन बसायचा आणि फोन उलटा करून शेजारी ठेवायचा, मग सुलटा करायचा. दुसऱ्या दिवशी इफरा म्हणाली, "अब्बू, आप आये हो, या आपका फोन आया है?"

तो हसला. फोन खिशात टाकला. पण खिशात गेल्यावरही त्याचं लक्ष तिथंच.

चौथा दिवस गेला, पाचवा गेला. फोन वाजला नाही. काही अडलं असतं तर गेणभाऊनं श्रेयाच्या नकळत केलाच असता, म्हणजे सगळं नीट चाललं आहे, त्यानं मनाशी म्हटलं. वही बरोबर होती. आपण जिंकलो. हे त्याला चांगलं वाटायला हवं होतं. बाळ झोपलं होतं, इफरा स्वयंपाकघरात सासूशी बोलत होती, आणि वजीर पंख्याखाली बसून विचार करत होता की आपल्यावाचून पाच दिवस कुठं काहीच अडलं नाही.

अडलं होतं. आठव्या दिवशी तो जुन्नरला उतरला तेव्हा गेणभाऊ दुकानाच्या पायरीवर बसला होता. दाढी वाढलेली, डोळे तारवटलेले.

"चौथ्या दिशी घोडेगावकडची लाइट गेली," गेणभाऊ म्हणाला. "डोंगरावरल्या बॅटऱ्या बी संपल्या. लाइट आली तं साडेसहाशे घरं एकदम आत शिराया लागली. सर्व्हर बसला. वहीत लिवलंय, सर्व्हर बसला तर बंद करून चालू करा. मी केला. फिरून बसला. फिरून केला. राव, सव्वीस तास मी तेच करीत व्हतो!"

वजीर पायरीवरच खाली बसला. त्याला लगेच कळलं काय झालं ते. लाइट आल्यावर सगळी गावं एकदम आत घ्यायची नसतात. आधी दार लावायचं, मग एकेक गाव आत सोडायचं. लग्नात पंगत बसवतात तसं. तो हे शंभर वेळा करत आला होता. इतक्या वेळा की ही काही सांगायची गोष्ट आहे, हे लिहिताना त्याच्या मनातही आलं नव्हतं.

"मग चालू कसं झालं?"

"दमून बंद ठिवला आन् झोपलो. पहाटं लावला तवा लोक झोपल्यालं व्हतं. मग झाला चालू."

वर खोलीत श्रेया तक्रारींची यादी घेऊन बसली होती. वजीर वर गेला. यादी त्यानंच मागून घेतली. बहुतेक नेहमीच्याच तक्रारी होत्या. एकीपुढं मात्र गेणभाऊच्या अक्षरात लिहिलं होतं : पोरीचा फॉर्म राहिला.

दुसऱ्या दिवशी वजीर गेणभाऊच्या मोटरसायकलवर मागं बसून तिकडं गेला. डिंभे धरणाच्या वर, डोंगराच्या कुशीत वीस-बावीस घरांची वाडी. मोबाइलला रेंज नाही. वाडीत नेट आहे ते केवळ यांनी डोंगरावर बसवलेल्या सिग्नलच्या डबीमुळं. नऊ वर्षांत वजीर इथं पहिल्यांदा येत होता, आणि पडद्यावर मात्र ही वाडी त्यानं रोज पाहिली होती. पहाटे पाचला उठणारी.

ठमाबाई नावाची म्हातारी अंगणात नाचणी पाखडत होती. नात संस्कृती गुरांकडं गेली होती. नर्सिंगच्या प्रवेशाचा फॉर्म भरायचा शेवटचा दिवस नेमका नेट बंद होतं त्याच दिवशी होता.

"पोर पार कड्यावं जाऊन आली मोबाइल घिऊन," ठमाबाई म्हणाली. "न्हाई गावली रेंज. मंग सांच्याला येष्टीनं घोडेगावला जाती म्हनली, तं येष्टी गेल्याली. आता काय, फुडल्या साली." तिनं सूप खाली ठेवलं. "तुमी कोन म्हनायचं?"

वजीरनं डोंगरावरच्या डबीकडं बोट केलं. "इंटरनेटचा," तो म्हणाला.

"मंग कुटं व्हता?"

तिनं रागानं विचारलं नव्हतं. पाहुण्याला विचारावं तसं विचारलं होतं. वजीर म्हणाला, "लेकीकडं गेल्तो."

"जावंच की," म्हातारी म्हणाली आणि पाणी आणायला आत गेली.

परतीला वजीर पुन्हा गेणभाऊच्या मागं बसला. जुन्नरला पोचल्यावर सरळ भगवंतरावांच्या घरी गेला. भगवंतराव पलंगावर टेकून बसले होते, श्रेया त्यांची औषधं लावत होती.

"घ्या ते विकतचं," वजीर म्हणाला.

भगवंतरावांनी मान वर केली. "आरं, यकदा चुकलं म्हनून काय झालं? वहीत ते बी लिव्ह. गेणाला शिकीव."

"भाऊ, हे आठवलं म्हनून लिवीन. जे आठवनारच न्हाई, ते? मला काय म्हाईत हाय तेच मला म्हाईत न्हाई." तो दारातच उभा होता. "त्या कंपनीत बरीच माणसं बसत्यात म्हणं. एक न्हाई तर दुसरा."

श्रेया म्हणाली, "काका, बसा ना."

"नको," तो म्हणाला. "काम लई हाय. सव्वीसशे घरं तिकडं हलवायचीत."

ते काम त्यानं दोन महिने एकट्यानं केलं, आणि इतकं नेटकं केलं की गिऱ्हाइकांना पत्ताही लागला नाही. एकेक गाव जुन्या सर्व्हरवरून काढायचं आणि नव्यात टाकायचं. आपटाळे गेलं, माणिकडोह गेलं, निमगाव सावा गेलं. जुन्या पडद्यावरचा आकडा रोज उतरत होता. शेवटी धरणावरची वाडी उरली. ती त्यानं एक दिवस तशीच ठेवली, आणि दुसऱ्या दिवशी तीही हलवली.

"तो जुना सर्व्हर तुम्ही घरी न्या," श्रेया म्हणाली. त्यानं नेला. एका रविवारी दुपारी करमेना म्हणून शमीमच्या शिलाई मशीनवर ठेवून चालू केला. पंख्याचा आवाज घरभर भरला. सॉफ्टवेअर तक्रार न करता उठलं, सगळे नियम जागेवर होते. पडद्यावर ओळ आली : जोडलेली घरं ०. वजीर बराच वेळ त्याच्यासमोर बसला होता. मग त्यानं बटण बंद केलं, वायर काढून गुंडाळली आणि ती मशीनच्या खणात ठेवली.

विकतचं सॉफ्टवेअर वाईट निघालं नाही. पावसाळ्यात दोनदा लाइट गेली आणि दोन्ही वेळा सगळी गावं आपोआप परत आली. श्रेयाला घरबसल्या मोबाइलवर सगळं दिसायला लागलं. वजीरला रविवारची सुट्टी मिळायला लागली. खोली तीच, खुर्ची तीच, पण आता तो फक्त बघू शकत होता. एखादं घर का बंद पडलं, हे आतलं झाकण काढून पाहता येत नव्हतं. लाल खूण दिसायची, हिरवी दिसायची.

एका गोष्टीनं मात्र त्याला स्वस्थ बसू दिलं नाही. उसातल्या वस्त्यांवर बिबट्या फिरतो, म्हणून जुन्या सॉफ्टवेअरात त्यानं नियम लिहिला होता की अशा घरची तक्रार दुपारी चारनंतर आली तर ती गेणभाऊला दुसऱ्या दिवशी सकाळी द्यायची. नवं सॉफ्टवेअर चार तासांत काम पुरं मागायचं. न झालं तर गेणभाऊच्या नावापुढं लाल शेरा. दिवाळीपर्यंत असे एकोणीस शेरे जमले. शेवटी एका सकाळी दोघांनी मिळून कंपनीला फोन लावला.

पेटीसारखं काहीतरी संगीत वाजत राहिलं. गेणभाऊ स्टुलावर बसला होता. पूर्वी तो या खोलीत आला की दोन मिनिटांत कंटाळून निघून जायचा, कारण वजीर जे सांगायचा त्यातलं त्याला ओ की ठो कळायचं नाही. आता तो बराच वेळ बसायचा. सॉफ्टवेअर दोघांनाही सारखंच कळत नव्हतं.

"सर, आपकी समस्या बताइए," पलीकडून मुलीचा आवाज आला.

वजीरनं सांगितलं. ऊस, वस्ती, बिबट्या म्हणजे लेपर्ड.

"सर, लेपर्ड मतलब? सॉफ्टवेअर का नाम है?"

गेणभाऊनं फोन हातातून ओढला. "बाई, जानवर! जानवर है! वाघ के जैसा, शेत में बैठता है! सांज को मैं जायेगा तो वो मेरे को खायेगा ना!"

पलीकडं टाइप केल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "सर, ऐसा ऑप्शन अभी नहीं है. आपकी रिक्वेस्ट नोट कर ली है." आणि तिनं एक दहा आकडी नंबर दिला. वजीरनं तो जपून लिहून घेतला.

गेणभाऊ उठला. त्याला वडगावकडं एक तार ओढायला जायचं होतं. दारात थांबून त्यानं विचारलं, "येता का? बसून काय करताय?"

वजीरनं पडद्याकडं पाहिलं. सगळीकडं हिरवं होतं. "न्हाई," तो म्हणाला, "फोन आला त्यांचा तर?"

गेणभाऊ जिना उतरून गेला. मोटरसायकलचा आवाज बाजारातून दूर जाईपर्यंत वजीर ऐकत होता. मग त्यानं खुर्ची जरा खिडकीकडं सरकवली आणि डबा यायची वाट बघत बसला.